महागडी लायब्ररी घेऊ का?

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षांपासून संगणकावर सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांच्या ध्वनिमुद्रित स्वरांचा संच) वापरून व्हायोलिन, चेलो यांचं ऑर्केस्ट्रासारखं संगीत रचते. ऐकणारे म्हणतात, ‘छान आहे, पण कीबोर्डवर वाजवल्यासारखं वाटतं.’ लेगाटोत, म्हणजे स्वर न तोडता जोडून वाजवताना, ते उशिरा पोचतात असं मलाही वाटतं. साठवलेल्या पैशातून मोठी लायब्ररी घ्यावी का? यात करिअर होऊ शकतं का? आई-बाबांना हा नाद वाटतो. सोबत एक रचना पाठवली आहे.

उत्तर : तुझी रचना मी चार वेळा ऐकली. चाल सुंदर आहे, हे आधी सांगतो. आणि लायब्ररी इतक्यात घेऊ नकोस. तुझी अडचण आवाजाच्या दर्जाची नाहीच.

सुरुवातीला चेलोचा एक लांब स्वर आहे. चार मात्रांचे चार बार, मिनिटाला साठ ठोके, म्हणजे सोळा सेकंद. इतका वेळ तो एकाच जोरात, अगदी सरळ रेषेत वाजतो. आता गज हातात धरल्याची कल्पना कर. त्याची लांबी ठरलेली असते आणि जोरात वाजवायचं तर तो भरभर संपतो. एवढ्या ताकदीनं सोळा सेकंद एका गजात कुणी काढू शकत नाही. समूहात वादक वेगवेगळ्या क्षणी गज फिरवून स्वर अखंड ठेवतात हे खरं, पण तेव्हाही स्वर फुलतो, थोडा ओसरतो, पुन्हा उभा राहतो. आपल्या कानाला कारण सांगता येत नाही, पण इथं हात नाही हे त्याला लगेच कळतं.

म्हणून नोट माऊसनं टाकून मोकळी होऊ नकोस. प्रत्येक ओळ वाजताना कीबोर्डवरचं मॉड्युलेशन व्हील (छोटं चाक) हातानं फिरव आणि ती हालचाल रेकॉर्ड कर. बहुतेक लायब्ररींत सीसी 1, म्हणजे या चाकाचा नियंत्रण-क्रमांक, नुसता आवाज वाढवत नाही, तर हळू वाजवलेल्या सॅम्पलकडून जोरात वाजवलेल्या सॅम्पलकडे नेतो, त्यामुळे स्वराचा पोतच बदलतो. सीसी 11 फक्त आवाजाची पातळी हलवतो. तुझ्या फाइलमध्ये सीसी 1 पूर्णवेळ 127 वर, म्हणजे कमाल पातळीवर आहे आणि सगळा चढउतार सीसी 11 नं केलेला आहे. त्यामुळे हळुवार जागासुद्धा कुणीतरी दूरवर ओरडत असल्यासारखी ऐकू येते.

दुसरी गोष्ट मधल्या भागातली. व्हायोलिनच्या एकाच समूह-पॅचवर (अनेक वादकांच्या एकत्रित आवाजावर) तू तीन स्वरांचे कॉर्ड धरले आहेस. तो पॅच सोळा वादकांचा असेल, तर तुझ्या रचनेत अचानक अठ्ठेचाळीस व्हायोलिन येऊन बसतात. ते स्वर पहिलं व्हायोलिन, दुसरं व्हायोलिन आणि व्हायोला यांच्यात वाटून दे. प्रत्येकाची ओळ एकटी गुणगुणून बघ. गुणगुणता आली नाही तर ती बदल.

लेगाटोचं मात्र तुझ्या कानानं बरोबर पकडलंय. तू लिहितेस की स्वर ‘उशिरा पोचतात’. काही लायब्ररींत एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची क्रियाच 100 ते 200 मिलिसेकंद घेते. सगळं क्वांटाइझ करून, म्हणजे प्रत्येक नोट ठोक्याच्या अचूक रेषेवर बसवलं की तो उशीर उघडा पडतो. त्या नोट थोड्या अलीकडे सरकव.

हे सगळं मोफत साधनांवर शिकता येतं. ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ या लायब्ररीची ‘डिस्कव्हर’ आवृत्ती मोफत मिळते, स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर म्यूझस्कोर 4 आणि त्याचे आवाज, म्यूझ साउंड्सही. आयएमएसएलपी या स्वरलेखनांच्या संकेतस्थळावरून स्वामित्वहक्क संपलेला एखादा स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) उतरव आणि आठवड्याला फक्त आठ बार खऱ्या ध्वनिमुद्रणाशेजारी ठेवून बांध. तंतुवाद्य शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर एक तास त्याच्याजवळ बस आणि फक्त उजव्या हाताकडे बघ. साठवलेल्या पैशातून काही घ्यायचंच असेल, तर सहा महिने व्हायोलिनचे धडे घे. असं संगीत तयार होतं त्या काही स्टुडिओंत मी वावरलो आहे. ज्यांना हातात गज धरलेला आठवतो त्यांचं काम वेगळं ओळखू येतं.

आता करिअरचं. काम आहे, पण पाटी लावलेली नोकरी क्वचित असते. संगीतकाराची चाल दिग्दर्शकाला मंजुरीसाठी ऐकवायची तर आधी मॉकअप, म्हणजे संगणकावर बांधलेला नमुना लागतो. पुढे खरे वादक येणार असतील तर ऑर्केस्ट्रेटर (चाल वाद्यांमध्ये वाटून देणारे) आणि स्वरलेखनाच्या प्रती तयार करणारे लागतात. लहान बजेटच्या चित्रपटांत, गेममध्ये तोच मॉकअप अंतिम संगीत म्हणून जातो. सुरुवात बहुधा एखाद्या संगीतकाराचा मदतनीस म्हणून होते. तिथे प्रतिभेइतकीच किंमत फाइलना नीट नावं देण्याला, टेम्पो मॅप (लयीचा आराखडा) न बिघडवण्याला आणि पहाटे मागितलेला बदल सकाळी देण्याला असते. पहिली काही वर्षं उत्पन्न अनियमित असेल, हे गृहीत धर.

तुझ्याकडे एक जास्तीची वाट आहे आणि ती तुझ्या पत्रात कुठेच नाही याचं मला वाईट वाटलं. लायब्ररी तयार करणाऱ्यांना हजारो ध्वनिमुद्रित स्वर कापावे, जुळवावे लागतात. एकच सॅम्पल पुन्हा पुन्हा वाजून यंत्रवत वाटू नये म्हणून राउंड रॉबिन, म्हणजे त्याच स्वराची आळीपाळीनं वाजणारी वेगवेगळी ध्वनिमुद्रणं बसवावी लागतात. त्यांना कॉन्टॅक्ट या सॅम्पल वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी स्क्रिप्ट लिहिणारे लागतात. ध्वनीचं भौतिकशास्त्र, थोडं प्रोग्रॅमिंग आणि संगीताचा कान हे तिन्ही एका माणसात सहज सापडत नाही. म्हणून पदवी अर्धवट सोडू नकोस. ध्वनिशास्त्र आणि सिग्नल प्रोसेसिंगचे विषय घेता आले तर जरूर घे.

आई-बाबांशी वाद घालू नकोस. तीन महिन्यांनी तोच चेलोचा स्वर नव्यानं बांध आणि जुनी, नवी दोन्ही फाइल त्यांना ऐकव. कोणती कधीची ते आधी सांगू नकोस. त्यांनी काय ओळखलं ते मला कळव.