वाचकांचे प्रश्न : बारा लाख करमुक्त, पण कुणाचे?

2025-26 या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला आणि तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत हाच आकडा पुन्हा पुन्हा दिसतो. त्यातले निवडक प्रश्न खाली घेतले आहेत. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू असला, तरी 2025-26 च्या उत्पन्नाचं विवरणपत्र 1961 च्या कायद्यानेच भरायचं आहे, म्हणून कलमांचे क्रमांक जुनेच ठेवले आहेत.

प्रश्न : माझं साताऱ्यात हार्डवेअरचं दुकान आहे, पत्नी खासगी कंपनीत नोकरीला आहे. तिचा पगार आणि माझा नफा यंदा सारखाच, 12 लाख 75 हजार. दोघंही नव्या प्रणालीत. तिला कर शून्य, आणि मला मात्र 74,100 रुपये निघतात. काही चुकतंय का?

हिशेब बरोबर आहे. पगारातून 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट आपोआप मिळते. ती गेली की पत्नीचं करपात्र उत्पन्न बरोबर 12 लाख उरतं. त्यावर 4 ते 8 लाखांच्या टप्प्याचे 20,000 आणि 8 ते 12 लाखांच्या टप्प्याचे 40,000, असे 60,000 होतात, आणि कलम 87ए ते सगळे माफ करतं. धंद्याच्या नफ्याला ही वजावट नाही. तुमचं उत्पन्न 12 लाखांच्या वर गेलं, माफी गेली. 60,000 अधिक वरच्या 75 हजारांवर 15 टक्क्यांनी 11,250, मिळून 71,250. त्यावर 4 टक्के उपकर 2,850.

12 लाखांच्या थोडंसंच वर गेलेल्यांना सीमांत सवलत आहे : जितकं उत्पन्न वर, त्याहून जास्त कर नाही. नफा 12 लाख 10 हजार असता तर कर 10,000 अधिक उपकर इतकाच लागला असता. ही सवलत साधारण 12 लाख 70 हजारांशी संपते, तुम्ही तिच्या जरा पलीकडे आहात.

आता मुद्द्याचं. धंद्यात खरा खर्च वजा होतो, म्हणून ठोक वजावट नाही, असा त्यामागचा विचार. तेव्हा खर्च पुरता नोंदवला आहे का ते आधी पाहा. खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं व्याज, टेम्पो आणि संगणकाचा घसारा, मालाचा विमा, दुकानाचं वीजबिल आणि व्यवसाय कर या नोंदी बऱ्याचदा सुटतात. रोखीचा मात्र फटका बसतो. एका माणसाला एका दिवसात 10,000 हून जास्त रोख दिली की तो खर्च मान्य होत नाही. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा 35,000 आहे.

प्रश्न : पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पगार 15 लाख. पीएफमधला कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी त्याशिवाय. कंपनी म्हणते, राजीनामा देऊन त्याच रकमेवर कन्सल्टंट म्हणून काम करा, कर वाचेल. खरंच वाचतो का?

कर वाचतो, आणि चांगलाच वाचतो. आज 75,000 वजा जाता 14 लाख 25 हजारांवर तुमचा कर उपकरासह 97,500 होतो. कन्सल्टंट झालात तर माहिती तंत्रज्ञान हा कलम 44एडीएमधला व्यवसाय आहे. तिथे एकूण मिळकतीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते. 15 लाखांचे साडेसात लाख झाले, ते 12 लाखांच्या आत, कर शून्य.

पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही मोजा. मूळ वेतन महिना 50,000 धरलं, तर पीएफमधला कंपनीचा 12 टक्के वाटा वर्षाला 72,000 होतो. ग्रॅच्युइटी वर्षाला 15 दिवसांच्या हिशेबाने सुमारे 28,800. म्हणजे लाखाच्या वर रक्कम इथेच गेली. गटविमा, भरपगारी रजा आणि नोटिशीचा काळ वेगळाच. त्याच रकमेवर बदल स्वीकारणं म्हणजे कंपनीचा खर्च आपल्या अंगावर घेणं. निदान दीड ते दोन लाख वाढवून मागा, असं आमचं मत.

हातातल्या पैशाचंही बघा. कंपनी फीमधून 10 टक्के टीडीएस कापेल (निव्वळ तांत्रिक सेवा मानली तर 2 टक्के). दहाच्या दराने दीड लाख वर्षभर सरकारकडे पडून राहतील आणि विवरणपत्र भरल्यावर परत येतील. ते टाळायचं तर वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करून कमी कपातीचं प्रमाणपत्र काढा. जीएसटी नोंदणी 20 लाखांपर्यंत लागत नाही, आणि ही मर्यादा पूर्ण फीवर मोजतात, निम्म्या उत्पन्नावर नाही.

सर्वांत मोठी जोखीम करारात असते. तीच खुर्ची, तीच हजेरी, रजेला तोच साहेब, दुसरं काम घ्यायला बंदी, असं असेल तर नाव काहीही द्या, अधिकारी ती रक्कम पगार ठरवू शकतो, आणि मग 44एडीएची निम्मी सूट हातची जाते. कामाचं स्वरूप, दरमहा बिल, स्वतःची साधनं आणि इतरांकडेही काम करायची मुभा, हे करारात आणि प्रत्यक्षातही हवं.

प्रश्न : नोकरी करते. गृहकर्ज असल्याने जुनी प्रणाली मला परवडते. यंदा भाषांतराचे 40,000 रुपये मिळाले. त्याने काही फरक पडतो का?

पडतो, आणि इथे बरेच जण फसतात. केवळ पगार असेल तर दरवर्षी विवरणपत्रातच जुनी किंवा नवी प्रणाली निवडता येते. भाषांतराची फी व्यवसायाच्या उत्पन्नात आली की जुन्या प्रणालीसाठी फॉर्म 10-आयईए वेगळा भरावा लागतो, तोही विवरणपत्राच्या मूळ मुदतीच्या आत. तो राहिला तर कर नव्या प्रणालीने लागतो, मग घरकर्जाच्या व्याजाची आणि 80सीची (पीएफ, विमा अशा गुंतवणुकीची) वजावट, दोन्ही गेलं. शिवाय व्यवसायाचं उत्पन्न आहे तोवर एकदा नव्या प्रणालीत परतलात की जुनीकडे पुन्हा येता येत नाही. ऑफिसला जुनी प्रणाली कळवली आहे, हे इथे पुरत नाही. आधी फॉर्म भरा, त्याचा पोच क्रमांक घ्या आणि तो विवरणपत्रात टाका.

प्रश्न : विमा एजंट आहे. कर पूर्ण भरूनही व्याज लागलं. नोकरदारांना असं का लागत नाही?

त्यांचा कर मालक दरमहा कापतो. तुमचा टीडीएस वजा जाऊन 10,000 किंवा जास्त कर उरत असेल, तर अग्रिम कर लागतो : 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत पूर्ण. वरच्या दुकानदाराने काहीच आगाऊ न भरता 74,100 जुलैत भरले, तर हप्ते चुकल्याचे सुमारे 3,740 आणि एप्रिल ते जुलैचे 2,964 रुपये व्याज पडेल.

गृहीत उत्पन्नाच्या सोयीत (खरा खर्च न मोजता मिळकतीचा ठरावीक भाग उत्पन्न धरायचा, जसं वरचं 44एडीए) येणाऱ्यांना 15 मार्चचा एकच हप्ता असतो. पण कमिशनचं उत्पन्न कलम 44एडीमध्ये, म्हणजे धंद्यांसाठीच्या अशाच सोयीत, बसत नाही, हे एजंटांना कुणी सांगत नाही. तुम्हाला चारही तारखा आणि खऱ्या खर्चाची नोंद, दोन्ही ठेवावं लागेल.

प्रश्न : नोकरी सोडून स्वतःचं आर्किटेक्टचं ऑफिस काढलं. व्यवसाय कर आता कोण भरणार?

तुम्हीच. पगारातून कंपनी कापत होती तेच 2,500 रुपये वर्षाला आता पीटीईसी (स्वतःचा व्यवसाय कर भरण्याची) नोंदणी करून 30 जूनपर्यंत भरायचे. ऑफिसात पगारी माणूस ठेवलात आणि त्याच्या पगारातून हा कर कापावा लागत असेल, तर पीटीआरसी नोंदणी वेगळी.