फक्त सेशन म्युझिशियन (स्टुडिओत दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी वाजवणारा वादक) म्हणून ब्लूज गिटारवादकाचं करिअर उभं राहतं का?

राहतं. कॉर्नेल डुप्री बघा. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा हा पोरगा ब्लूज वाजवत मोठा झाला. सॅक्सोफोनवादक किंग कर्टिसने त्याला हेरलं आणि १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. तिथून स्टुडिओची कामं सुरू झाली ती थेट गायिका अरिथा फ्रँकलिनपर्यंत. १९७१ला सॅन फ्रान्सिस्कोतल्या फिलमोर वेस्ट या सभागृहात तिच्या मागे गिटारवर हाच होता.

त्याचं खरं कसब ऐकायचं तर ब्रुक बेंटनचं १९७०चं 'रेनी नाइट इन जॉर्जिया' हे गाणं लावा. दोन तारा एकत्र छेडून सरकवलेले छोटे तुकडे, तेही गायकाने श्वास घेतला की त्या फटीतच. लांबलचक सोलो नाही की मिरवणं नाही. सेशनवाल्याला पुन्हा बोलावतात ते याचसाठी, बोटांच्या वेगासाठी नव्हे (यूट्यूबवरच्या वीरांना हे पटणार नाही, असो).

स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम मात्र १९७४ उजाडल्यावर आला. पुढे एरिक गेल, रिचर्ड टी, स्टीव्ह गॅड अशा सेशनवाल्यांबरोबर 'स्टफ' हा बँड जमला. २०११मध्ये डुप्री वारला.