आवडत्या गाण्यांची यादी डिसेंबरात करू नकोस

अरे, वर्षाच्या शेवटी आठवून यादी करायला बसलास की नोव्हेंबरातली गाणीच आठवतात. जानेवारीतलं बिचारं गाणं हरवून जातं. म्हणून महिन्याला एक ओळ: गाणं, गायक, संगीतकार, गीतकार. गीतकाराचं नाव शोधावं लागतं, पण शोधच.

ॲपने डिसेंबरच्या सुमारास काढून दिलेल्या आकड्यांवर विसंबू नकोस. ते किती वेळा वाजलं एवढंच मोजतात. माझ्याकडे एकदा भाचीला झोपवायला लावलेली अंगाई पहिल्या नंबरावर आली होती!

आणि रील वेगळी, गाणं वेगळं. २०२३ मध्ये ‘महाराष्ट्र शाहीर’मधलं ‘बहरला हा मधुमास’ घरोघरी रीलवर नाचलं गेलं. मीही आधी तेवढाच तुकडा ऐकला. मग एका रात्री हेडफोन लावून अख्खं ऐकलं, अंतऱ्यापाशी थांबून परत मागे नेलं, आणि अजय-अतुलचा ताल, श्रेया घोषालचा आवाज तेव्हा कुठे नीट कानात गेला. यादीत घेण्याआधी प्रत्येक गाण्याला एवढी एक रात्र दे.

दहाच हवीत असं काही नाही. माझी गेल्या वर्षी सातच निघाली. आणि हो, लग्नाच्या वरातीतलं एखादं असेल तर लाजू नकोस, घाल बिनधास्त.