सायकलच्या उडालेल्या रंगावर नेलपॉलिश चालेल का?

चालतं, पण रंग म्हणून. गंज थांबवायला ते एकटं पुरत नाही.

तुम्ही लिहिलंय की लेकीच्या सायकलच्या दांडीवरचा रंग लॉकची साखळी घासून उडालाय, चिमट्यावरही दोन-तीन ठिकाणी उघडं लोखंड दिसतंय, आणि निपाणीत मिरगाचा पाऊस सुरू व्हायच्या आत घरीच काहीतरी करायचंय. होतंय की. एका रविवारी सुरुवात करा.

पहिल्यांदा लोहचुंबक लावून बघा. चिकटलं नाही तर फ्रेम बहुतेक ॲल्युमिनियमची आहे. तिला तांबडा गंज धरत नाही, नेलपॉलिश लावा आणि विसरून जा. चिकटलं तर पुढचं तुमच्यासाठी.

मी पिरनवाडीहून बेळगावच्या उद्यमबागेत रोज सायकलनं कामाला जायचो. एका मे महिन्यात घराच्या फाटकाला रंग देऊन थोडा ऑइलपेंट उरला होता, तोच फडक्यानं धूळ पुसून सायकलच्या गंजलेल्या जागांवर फासला. दिसायला झकास. गणपतीपर्यंत तिथं मुगाएवढे फोड आले. एक नखानं दाबला तर पापुद्रा निघाला आणि खाली तपकिरी भुकटी. गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो, आणि ज्या लोखंडापासून तो होतो त्याच्यापेक्षा जास्त जागा खातो. म्हणून वरचा रंग तो आतूनच उचलतो. त्यात आमच्या खानापूरकडच्या लाल चिखलाचा आणि गंजाचा रंग एकच, त्यामुळे धुतल्याशिवाय कळतही नाही काय कुठं आहे.

तेव्हा सायकल साबणानं धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. मग डाग १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, आणि भोवतीच्या रंगाची कडा ३२० नंबरनं उतरती करा. डोळे मिटून नख फिरवा, कडा नखाला अडकायला नको. बारीक खड्ड्यांत काळे ठिपके उरलेच तर हार्डवेअरच्या दुकानात फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर मिळतं, ते डबीवर लिहिलंय तसं लावा, हातमोजे घालून. शेवटी पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन पुसा, फडकं मळायचं थांबेपर्यंत. त्यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही, घामात मीठ असतं.

प्रायमर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात. ढगाळ दमट हवेत घासलेलं लोखंड संध्याकाळपर्यंत पिवळट पडायला लागतं. रेड ऑक्साइडचा सगळ्यात लहान डबा आणा, बारीक ब्रशनं पातळ हात द्या, उघड्या लोखंडाच्या जरा बाहेरपर्यंत. रात्रभर वाळल्यावर दुसरा हात, आणि तोही वाळला की वर जुळत्या रंगाचा इनॅमल. इनॅमल पातळ करायला टर्पेंटाइन वापरा. एनसी (म्हणजे नायट्रोसेल्युलोजच्या, झटपट वाळणाऱ्या रंगाचं) थिनर घातलं तर कधी कधी खालचा रंगच सुरकुततो.

नेलपॉलिशही साधारण त्या एनसी रंगाच्याच जातीचं. म्हणून ते लावायचं असेल तर प्रायमर चार-पाच दिवस कडक होऊ द्या आणि अगदी पातळ लावा. शेड मात्र त्यात मिळतात तेवढ्या कुठंच मिळत नाहीत, लेकीलाच निवडू दे. हे सगळं सकाळी दहाच्या सुमाराला करा. दुपारी वळीव आला की हवा दमट होते, आणि असल्या रंगावर पांढरट झाक येते.

हँडल किंवा रिमच्या क्रोमवर ठिपके असतील तर रंग नको. डब्यात चपाती गुंडाळायचा फॉइल पाण्यात बुडवून चोळा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्यानं ओरखडे पडत नाहीत. मग पुसून तेलाचा हात. रिमला जिथं ब्रेक लागतो तिथं मात्र ना तेल, ना रंग.

एवढं करून माझी सायकल सडली ती भलत्याच ठिकाणी. सीटखालच्या नळीतून पाणी आत जातं आणि पायडलच्या सांध्यापाशी साचतं. मी सीट काढून सायकल उलटी केली तेव्हा चहाच्या कपभर तांबडं पाणी निघालं. तुम्हीही उलटी करून बघा. आत ओल नसेल तर नळीत थोडं जवसाचं तेल सोडा, सायकल फिरवून फिरवून सगळीकडे लागू द्या, जास्तीचं निथळू द्या. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडकी आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवून बाहेर पसरा. सीटच्या दांड्याला ग्रीस लावून परत बसवा.

आणि हो, सीट काढायच्या आधी दांड्यावर टेपची खूण करा. माझ्या पोरीच्या सायकलला मी केली नव्हती. सोमवारी शाळेच्या वेळेला पोरगी "पाय पोचत नाहीत" म्हणून अंगणातनं ओरडायला लागली, आणि माझा पाना कुठं ठेवला ते मला सापडेना.