फ्लूची साथ : आधी ऑक्सिजनचा हिशेब मांडा

प्रश्न : तालुक्याच्या गावी आमचे २५ खाटांचे रुग्णालय आहे. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने उडवलेली धावपळ आठवते. तशी साथ पुन्हा आलीच तर असावेत म्हणून दोन व्हेंटिलेटर घ्यायचे म्हणतो. घ्यावेत का?

उत्तर : चोवीस तास व्हेंटिलेटर सांभाळणारी शिकलेली माणसे हाताशी नसतील, तर घेऊ नका. तो पैसा ऑक्सिजनवर घाला. फ्लूचा न्यूमोनिया झालेल्या बहुतेकांना लागतो तो ऑक्सिजनच, आणि नेमका त्याचाच हिशेब कोणी करून ठेवत नाही. मोठ्या डी टाइप सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू मावतो. दहा रुग्णांना प्रत्येकी मिनिटाला ५ लिटर दिला, तर दिवसाला ७२,००० लिटर, म्हणजे दहाहून जास्त सिलिंडर. त्यातले दोघे मिनिटाला १५ लिटरच्या रिझर्व्हॉयर (पिशवीच्या) मास्कवर गेले की आणखी चार वाढतात. पुरवठादाराची गाडी दोन दिवस आली नाही तर काय, हे आजच त्याच्याशी बोलून घ्या. मॅनिफोल्डच्या, म्हणजे एकाच नळीला जोडलेल्या सिलिंडरांच्या, दोन रांगा ठेवा : एक चालू, दुसरी भरलेली. जोडांना तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेते.

वायू वाया जातो तो खाटेपाशी. ऑक्सिमीटरवर १०० दिसले की नातेवाइकांना बरे वाटते, म्हणून वायूचा प्रवाह ठरवणारा फ्लोमीटर तसाच सोडला जातो. मोठ्या माणसांत ९२ ते ९६ टक्के पुरे; सीओपीडी, म्हणजे दम्यासारखा फुप्फुसांचा जुनाट आजार, असेल तर ८८ ते ९२. प्रत्येक पाळीत सिस्टरांनी आकडा बघून प्रवाह कमी-जास्त करायचा, हे केसपेपरवर लिहूनच द्या.

दुसरी चूक केसपेपरच्या खिडकीशी होते. तापाचे, गरोदर आणि डायलिसिसचे रुग्ण तिथे एकाच रांगेत उभे असतात. ताप-खोकल्याची ओपीडी बाहेर मांडवात घ्या, दारातच मास्क द्या, बाकांत निदान एक मीटर अंतर ठेवा. वॉर्डात स्प्लिट एसीवर विसंबू नका; तो खोलीतलीच हवा फिरवत राहतो. खिडक्या उघडा, एक्झॉस्ट पंखा लावा. मात्र त्याचे तोंड रांगेकडे नको.

प्रश्न : आलेल्या प्रत्येकाचा स्वॅब घ्यावा का?

उत्तर : नको. सौम्य ताप असेल तर घरी विश्रांती पुरते. धाप, छातीत दुखणे, ग्लानी किंवा ओठ निळे पडणे दिसले तर दाखल करून स्वॅब घ्या, पण अहवालाची वाट बघत औषध अडवू नका. फ्लूवरचे ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सर्वांत गुणकारी. मोठ्यांना ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. लहान मुलांना वजनानुसार, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी. स्वॅबची काडी नायलॉन किंवा डेक्रॉनची हवी. लाकडी काडीचा कापूस वापरला तर विषाणू ओळखणारी पीसीआर चाचणी फसू शकते. नमुना २ ते ८ अंशांत पाठवा, फ्रीझरच्या कप्प्यात ठेवू नका.