बी-टू नंतर कर, आधी गायला जा

प्रिय,

तुझा मेल मिळाला. जर्मनची बी-वन पातळीची परीक्षा पास झालीस, पुढच्या बी-टूचं पुस्तक आणलंस, तरी बेकरीत तोंड उघडलं की समोरची बाई लगेच इंग्रजीवर येते, म्हणून वैतागली आहेस. येऊ दे की. तू हसून जर्मनमध्येच उत्तर देत राहा, तीही परत येईल.

व्याकरणाची धास्ती सोड. नामांना तीन लिंगं म्हटल्यावर इंग्रजीवाले हबकतात. आपण तो पंखा, ती खुर्ची, ते कपाट करतच मोठे झालो. त्यांची लिंगं वेगळी लागतात (सूर्य तिकडे बाई आहे!), तेवढी घोकावी लागतील. पण तुझं घोडं तिथे अडलेलंच नाही. ऑफिसचं काम इंग्रजीत, शनिवार-रविवार आपल्या मंडळींत, मग जर्मन बोलणार कुणाशी? गणपतीला मंडळात जरूर जा, मोदकांवर ताव मार. दर वीकेंडला मात्र नको.

दारावरच्या 'केअरवोखे'च्या, म्हणजे झाडण्याच्या आठवड्याच्या, पाटीनं तुझं डोकं फिरलंय, ते वाचून हसू आलं. स्टुटगार्टात राहायचं तर जिना झाडण्याची पाळी चुकत नाही, बाई. पण झाडून झाल्यावर पाटी शेजारणीच्या दाराला गुपचूप अडकवून पळतेस, ते बंद कर. शनिवारी सकाळी बेल वाजव, पाटी हातात दे, दोन मिनिटं हवापाण्याचं बोल. ती श्वेबिशमध्ये, म्हणजे तिकडच्या बोलीत, सुरू होईल, शब्दागणिक 'ले' लावेल, निम्मं डोक्यावरून जाईल. न कळता मान डोलवू नकोस. 'परत सांगता का?' म्हण. म्हाताऱ्या माणसांना परत सांगायला आवडतं, हे मी आता स्वतःवरूनच सांगते.

शरदात एखाद्या 'बेझन'ला, म्हणजे द्राक्षमळेवाल्यांच्या घरगुती वाइनखान्यात, जा. द्राक्षमळेवाले वर्षात जास्तीत जास्त चार महिने घरची वाइन अशी विकू शकतात. दाराशी केरसुणी टांगलेली दिसली की उघडं आहे असं समजायचं. चाळीसच्या वर जागा ठेवता येत नाहीत, त्यामुळे लांब बाकावर अनोळखी माणसांना खेटून बसावं लागतं आणि गप्पा आपोआप सुरू होतात. मळे शहराच्या हद्दीतच आहेत. वाइन नको असेल तर द्राक्षाचा रस माग. माउलटाशनमध्ये (सारण भरलेल्या पिठाच्या पाऱ्या) बहुधा मांस असतं, तेव्हा आधी विचार.

आता मुख्य गोष्ट. तिथे सात सभासद जमले की 'फेराइन', म्हणजे सभासदांची संस्था, रजिस्टर करता येते, त्यामुळे नेमबाजीपासून बागकामापर्यंत कशाचीही फेराइन सापडते. तू गातेस, तेव्हा तू हौशी गायकांच्या 'कोअर'मध्येच जा. भाषा शिकायला याहून सोयीची जागा मला माहीत नाही. शब्द छापील, हातात. एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटून घेतात. शब्दाच्या शेवटचा 'ट' तू गिळलास तर संचालक सगळ्यांना थांबवून तो वाजवून घेईल, आणि गाणं चालू असताना कुणी इंग्रजीवर येत नाही. नोटेशन वाचता येत नसेल तर आल्टोमध्ये, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत, एखाद्या खणखणीत आवाजाच्या बाईशेजारी बस, कान तयार आहेत तुझे. तिथे बहुतेक पहिल्याच दिवशी 'दू', म्हणजे 'तू', म्हणतात. ऑफिसात अजून 'झी', म्हणजे 'तुम्ही', चाललंय ना, फरक जाणवेल. तालीम संपली की लगेच ट्राम गाठू नकोस. खुर्च्या रचायला थांब. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाची मुलगी बर्लिनला गेली, हे सगळं खुर्च्या रचताना कळतं, आणि पुढच्या आठवड्यात विचारायला विषयही मिळतो.

बहुतेक कोअर नवख्यांना एखाद्या तालमीला नुसतं येऊन बसू देतात, त्याला 'श्नुपरप्रोबे' म्हणतात. आज रात्रीच एखाद्या कोअरला मेल टाक. जर्मनमध्ये, आणि भाषांतराच्या ॲपमधून न काढता. चुका राहू देत.

तुझी,
काकू