‘आता कोण वापरतं स्पार्क?’

प्रिय मित्रा,

लिनक्ससाठी लिहिलेल्या तुझ्या नेटवर्क ड्रायव्हरवर परीक्षकाने शेरा मारला की स्पार्कवर, म्हणजे सन कंपनीच्या जुन्या प्रोसेसर घराण्यावर, याचे हाल होतील, आणि तू वैतागून मला विचारलंस, ‘आता कोण वापरतं स्पार्क?’ प्रश्न चांगला आहे. फक्त तो उत्तर हवंय म्हणून विचारावा, चिडून नव्हे.

आधी शेऱ्याचं बघू. इथरनेटचं हेडर, म्हणजे पॅकेटच्या सुरुवातीची माहिती, १४ बाइटचं. पॅकेट मेमरीत चारच्या पटीतल्या पत्त्यावर उतरवलंस, तर त्यामागचं आयपी हेडर चारच्या पटीत बसत नाही. त्यातला ३२ बिटांचा आकडा थेट वाचायला गेलास की स्पार्क ट्रॅप देतो, म्हणजे काम थांबवून कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) हाक मारतो. मग कर्नल मध्ये पडून ते वाचन तुकड्यातुकड्यांत उरकतं आणि लॉगमध्ये तक्रार नोंदवतं. दर पॅकेटमागे असं झालं तर वेगाचं वाटोळंच. तुझ्या लॅपटॉपमधला एक्स८६ (इंटेल-एएमडी घराण्याचा प्रोसेसर) हे मुकाट्याने खपवून घेतो, म्हणून तुला काही दिसलं नाही. उपाय सोपा: बफरच्या सुरुवातीला दोन बाइट सोडायचे. १४ आणि २, सोळा. लिनक्समध्ये त्यासाठी ‘नेटडेव्ह_अलॉक_एसकेबी_आयपी_अलाइन’ तयारच आहे. नावच काय ते लांब.

आणि ही स्पार्कची खोड नाही. चुकीच्या अलाइनमेंटचा, म्हणजे पटीत न बसणाऱ्या पत्त्याचा, पॉइंटर सी भाषेच्या प्रमाणकालाच मान्य नाही. युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रॅममध्ये, कंपायलरने (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) एकदम अनेक आकडे हाताळणाऱ्या व्हेक्टर सूचना वापरल्या की असाच कोड एक्स८६वरही कोसळू शकतो. बाइटक्रमाचंही तेच. स्पार्क बिग-एंडियन आहे, म्हणजे आकड्याचा मोठा बाइट आधी ठेवतो; पण मेनफ्रेमवरचं एस३९०एक्सही बिग-एंडियनच, आणि ते काही अडगळीतलं यंत्र नव्हे. जुनं यंत्र गावातल्या खडूस मास्तरासारखं असतं, तुझी चूक तिथल्या तिथे दाखवतं.

याचा अर्थ सगळं जुनं कायम ठेवावं असा नाही. लिनक्स १९९१ मध्ये इंटेलच्या ज्या ३८६ प्रोसेसरवर जन्मलं, त्याचा आधार ३.८ आवृत्तीत, २०१३ साली काढला. ४८६ला असलेल्या काही अ‍ॅटॉमिक सूचना (मध्येच न तुटता पुऱ्या होणाऱ्या) ३८६ला नव्हत्या आणि त्याचं ओझं सामायिक कोडला वाहावं लागे. २०१८ मध्ये ४.१७ आवृत्तीतून आठ आर्किटेक्चर (प्रोसेसर घराणी) एकदम गेली: ब्लॅकफिन, क्रिस, टाइल वगैरे. गंमत म्हणजे त्याच आवृत्तीत एनडीएस३२ नव्याने आलं आणि २०२२ मध्ये तेही बाहेर पडलं. मोटोरोलाचं ६८००० घराणं या सगळ्यांहून म्हातारं, ते मात्र टिकून आहे. वय पाहून कोणाला काढत नाहीत. नवं कर्नल त्या यंत्रावर बूट करून पाहणारा, मोडलं तर दुरुस्त करणारा माणूस आहे का, एवढंच बघतात.

कंपायलरच्या बाबतीत मी इतका मवाळ नाही. जुना प्रोसेसर चुका दाखवतो; जुना कंपायलर बहुतेकदा नुसते हात बांधतो. ‘फॉर’च्या आतच चल घोषित करण्याची सोय सीमध्ये १९९९ पासून आहे, पण लिनक्स २०२२ पर्यंत १९८९च्या सीवरच होतं. लिनक्स ज्या जीसीसी कंपायलरने बांधतात, त्याची किमान आवृत्ती २०२१ मध्ये ५.१ झाली, तेव्हा कुठे सी११कडे (सीच्या २०११च्या प्रमाणकाकडे) जायची वाट मोकळी झाली.

अर्थात जुना प्रोसेसर आणि जुना कंपायलर हे दोन्ही प्रश्न नेहमी वेगळे करता येत नाहीत. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने, नव्या जीसीसीचा परवाना नको म्हणून, २००७चा जीसीसी ४.२.१ वर्षानुवर्षं सांभाळला. २०१७ मध्ये एक्स८६वर क्लँग हा दुसरा कंपायलर आला; पण काही जुन्या आर्किटेक्चरसाठी एलएलव्हीएम (क्लँगचा यंत्रभाषा काढणारा भाग) कोडच काढत नाही, तिथे जीसीसीवाचून गत्यंतर नव्हतं. उलट बाजूही बघ: जीसीसीने आतली ‘सीसी०’ ही जुनी यंत्रणा काढायची ठरवली, तेव्हा ६८०००च्या चाहत्यांनी पैसे गोळा करून बक्षीस लावलं आणि ६८०००साठी कोड काढणारा जीसीसीचा भाग (बॅकएंड) नव्या पद्धतीवर आणवून घेतलं. असे लोक असतील तर कोड ठेवायला मी कधीच नाही म्हणणार नाही.

तर आता पॅचची, म्हणजे तुझ्या बदलाची, दुसरी आवृत्ती पाठव. अलाइनमेंटची दुरुस्ती कर, पण जुन्या कंपायलरसाठी घातलेले ते #इफडेफ (अट पाहून कोड घालणाऱ्या ओळी) काढून टाक. तुझी किमान आवृत्ती त्याच्या कितीतरी पुढे आहे. स्पार्कवर चालवून पाहिलेलं नसेल तर तसं स्पष्ट लिही. क्यूईएमयूवर (यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) पाहिलं असेल तर तेही लिही, पण खऱ्या कॅशचं वागणं तिथे दिसत नाही हे ध्यानात ठेव. आणि शेरा मारणाऱ्याला सरळ विचार: तुमच्याकडे यंत्र आहे का, चालवून बघाल का?

तुझा,
एक जुना मेंटेनर